लॅपटॉपवर लिनक्स टाकताना हार्डवेअर रुसलं तर काय करायचं

इन्स्टॉल नीट झालं, रीस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला आणि बघतो तर वाय-फायचा पर्यायच गायब. किंवा आवाज नाही. किंवा त्याच्याही आधी इन्स्टॉलरच म्हणतोय की या लॅपटॉपमध्ये डिस्कच नाहीये. अशा वेळी बरेच जण एकच गोष्ट करतात, दुसरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा तयार संच, डाउनलोडला लावतात. उबंटूवर चाललं नाही म्हणून मिंट, मिंटवर नाही म्हणून फेडोरा, आणि दर वेळी पेनड्राइव्ह पुसा, परत बनवा, परत इन्स्टॉल करा. मी पण हे केलंय. एका जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं, वाय-फाय दिसेना, म्हणून दोन दिवसांत तीन डिस्ट्रो टाकून पाहिल्या आणि तिन्हीकडे तीच रड. शेवटी कळलं की मी विंडोज शट डाउन करत होते पण ते खरं पूर्ण बंद होतच नव्हतं, फास्ट स्टार्टअप नावाचा पर्याय चालू होता आणि त्यामुळे वाय-फाय कार्ड विंडोजने अर्धवट झोपवून ठेवल्यासारखं राहत होतं. तो पर्याय काढला, मशीन नीट बंद केलं, आणि लिनक्स चालू झाल्याबरोबर नेटवर्कची यादी समोर आली.

तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे आणि तीच इथे सांगते. सगळ्या डिस्ट्रोंच्या आत कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा, एकच असतो, लिनक्स. फरक असतो तो कर्नलच्या व्हर्जनचा आणि सोबत येणाऱ्या फर्मवेअर फाइल्सचा, म्हणजे चिपच्या आत भरायच्या छोट्या प्रोग्रामचा. म्हणून डिस्ट्रो बदलण्याच्या आधी चार प्रश्न विचारायचे: ती वस्तू कर्नलला दिसतेय का, दिसत असेल तर तिला ड्रायव्हर मिळालाय का, ड्रायव्हर असेल तर त्याला लागणारी फर्मवेअर फाइल मिळाली का, आणि हे सगळं असेल तर ती कुठेतरी बंद करून ठेवलीये का. याच क्रमाने. चौघांपैकी कुठे अडलंय ते कळलं की उपाय बहुतेक वेळा दहा मिनिटांचा निघतो, अडलंय कुठे हे माहीत नसेल तर दोन दिवस जातात.

एक सूचना आधीच, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. एलएसपीसीआय म्हणजे एल, एस, पी, सी, आय, मध्ये जागा न सोडता. मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगते.

पुसायच्या आधी लाइव्हमध्ये बघा

जवळजवळ सगळ्या लोकप्रिय डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवता येतात, त्याला लाइव्ह सेशन म्हणतात. पाच मिनिटं तरी यात घालवाच. वाय-फाय जोडून बघा, स्पीकरवर काहीतरी वाजवा, हेडफोन लावून वाजवा, माइकवर बोलून बघा, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसची बटणं दाबा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल करा, झाकण बंद करून परत उघडा. जे लाइव्हमध्ये चालतं ते इन्स्टॉल झाल्यावर बहुतेक चालतंच, आणि जे चालत नाही ते आत्ताच कळलेलं बरं, कारण आत्ता तुमचं विंडोज शाबूत आहे आणि नेटवर शोधता येतंय.

लाइव्हच नीट चालू होत नसेल तर हार्डवेअरला दोष देण्याआधी पेनड्राइव्हवर संशय घ्या. स्क्रीनवर स्क्वॉशएफएस एरर किंवा आय-ओ एरर अशा ओळी भराभर येत असतील तर नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अनुभवात तरी, पेनड्राइव्ह खराब असते किंवा फाइल अर्धवट उतरलेली असते. आयएसओ फाइलचा (म्हणजे उतरवलेल्या डिस्ट्रोच्या फाइलचा) एसएचए-२५६ चेकसम, फाइल नीट उतरली का ते पडताळायचा आकडा, डिस्ट्रोच्या साइटवर दिलेला असतो, तो जुळवून बघा. जुळत असेल तर दुसरी पेनड्राइव्ह, दुसरं यूएसबी पोर्ट. रुफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रामने बनवलेली चालत नसेल तर त्यातच डीडी मोड निवडून परत लिहा किंवा बलेना एचर वापरून बघा.

आणि विंडोज ठेवायचं असेल तर दोन कामं आधी उरका. पहिलं, वर सांगितलेला फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणं काय करतात ते निवडायची जागा आहे, त्यात टिक काढायची. घाई असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, त्याची रिकव्हरी की काढून ठेवा. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन बरेचदा तुम्हाला न विचारता चालू झालेलं असतं, आणि बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू होऊ देणारा पर्याय) वगैरे काही हलवलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही

सगळ्यात घाबरवणारा प्रकार हा, पण डिस्क सहसा ठणठणीत असते. इंटेल प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायॉसमध्ये स्टोरेज कंट्रोलर आरएसटी किंवा रेड (आर-ए-आय-डी) मोडवर ठेवून येतो, त्यात एनव्हीएमई एसएसडी कंट्रोलरच्या मागे लपते आणि लिनक्सला ती दिसतच नाही. थोड्या नव्या मशीनमध्ये याच जागी व्हीएमडी नावाचा पर्याय असतो. म्हणजे आपल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं. उपाय म्हणजे बायॉसमध्ये जाऊन तो मोड एएचसीआय करायचा, किंवा व्हीएमडी बंद करायचं.

पण थांबा, हे सरळ जाऊन बदललं तर लिनक्सला डिस्क दिसेल आणि विंडोज निळा स्क्रीन दाखवून अडून बसेल, कारण त्याने त्या मोडसाठीचा ड्रायव्हर चालू करण्याची तयारीच केलेली नसते. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूटला टिक करा, खाली मिनिमल निवडा, रीस्टार्ट करा पण विंडोज सुरू व्हायच्या आत बायॉसमध्ये शिरा, मोड एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर या. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि नवा ड्रायव्हर स्वतःच बसवून घेईल. मग परत एमएसकॉन्फिग, सेफ बूटची टिक काढा, रीस्टार्ट. झालं. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, तो आठवतोय ना हे आधी बघून घ्या. आणि बिटलॉकर चालू असेल तर हे सगळं करण्याआधी ते सस्पेंड करा, की जवळ असली तरी.

विंडोज ठेवायचंच नसेल तर यातलं काही लागत नाही, सरळ मोड बदला.

काळा स्क्रीन

कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा ग्रबचा मेनू येतो, आपण एंटर मारतो, आणि नंतर काळोख. पंखा फिरतोय, कीबोर्डचे दिवे लागतायत, स्क्रीनवर काही नाही. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपवर हे जास्त दिसतं, तसंच एखादी अगदी नवी चिप असेल जी त्या कर्नलला अजून माहीतच नाही तेव्हा पण.

मेनूवर असताना ई अक्षर दाबा. एक साधा एडिटर उघडतो, त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते, तिच्या शेवटी बहुतेक वेळा क्वाएट स्प्लॅश असे दोन शब्द असतात. ते काढून तिथे नोमोडसेट लिहा, एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी सलग, आणि एफ-१० किंवा कंट्रोल-एक्स दाबा. याचा अर्थ एवढाच की कर्नलने ग्राफिक कार्डचा खरा ड्रायव्हर न उचलता साध्या स्क्रीनवर काम भागवावं. क्वाएट काढल्यामुळे दुसरा फायदा असा की चालू होताना प्रत्येक ओळ दिसते, अडकलं तर कोणत्या ओळीवर अडकलं ते मोबाइलने फोटो काढून ठेवता येतं. उबंटूच्या मेनूत सेफ ग्राफिक्स आणि फेडोराच्या ट्रबलशूटिंगमध्ये बेसिक ग्राफिक्स मोड म्हणून हाच पर्याय तयार दिलेला आहे.

नोमोडसेट ही कुबडी आहे, चालायला लागल्यावर काढायची. लोक ती तशीच ठेवतात आणि मग महिनाभर तक्रार करतात की रिझोल्यूशन बदलत नाही, ब्राइटनेस हलत नाही, व्हिडिओ अडखळतो. इन्स्टॉल झाल्यावर योग्य ड्रायव्हर टाका. उबंटू आणि मिंटमध्ये ड्रायव्हर टाकायची वेगळी खिडकीच आहे, एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर निवडायचा. फेडोरामध्ये आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा पॅकेज साठा जोडून एकेमॉड-एनव्हिडिया पॅकेज टाकायचं, आणि टाकून लगेच रीस्टार्ट करायचं नाही, पाठीमागे मॉड्यूल बांधलं जात असतं त्याला पाच मिनिटं द्या, या घाईपायी बऱ्याच जणांचा परत काळा स्क्रीन होतो. कार्ड जुनं असेल तर नवा ड्रायव्हर त्याला ओळखत नाही, फर्मी पिढीसाठी ३९० ही शेवटची मालिका, केप्लरसाठी ४७०. इतक्या जुन्या कार्डावर माझं मत विचाराल तर कर्नलमधला नूवो ड्रायव्हरच राहू द्या, वेग कमी मिळेल पण दर अपडेटला मोडणार नाही.

आता सिक्युअर बूट. एनव्हिडिया किंवा बाहेरून टाकलेला कुठलाही ड्रायव्हर असेल तर उबंटू तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतं, तो पुढच्या बूटला एकदाच लागतो. रीस्टार्ट झाल्यावर एक निळा स्क्रीन येतो, मॉक (एम-ओ-के) मॅनेजमेंट असं काहीतरी लिहिलेला, आणि तो फक्त १० सेकंद थांबतो. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, ते वाट बघतात, तो निघून जातो, आणि ड्रायव्हर टाकूनही चालत नाही. तिथे कुठलंही बटण दाबून एनरोल मॉक, कंटिन्यू, यस, मग तो पासवर्ड, मग रीबूट. तो स्क्रीन हुकला असेल तर मॉकयुटिल कमांडच्या इम्पोर्ट पर्यायाने परत मागवता येतो. पासवर्ड टाइप करताना कीबोर्ड तिथे अमेरिकन मांडणीचाच असतो, म्हणून साधी अक्षरं आणि आकडेच वापरा. एवढं नको असेल तर बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, चालतं, पण मग बिटलॉकरची की जवळ हवी हे परत सांगते.

वाय-फाय, जिथे ही पद्धत खरी कळते

सगळ्यात आधी नेट मिळवा, नाहीतर पुढचं सगळं अडतं. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते सरळ वायरवालं नेटवर्क वाटतं आणि काही न करता चालू होतं. फोनचं वाय-फाय चालू असेल तर तेच पुढे येतं, मोबाइल डेटा जळत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती जणांनी इन्स्टॉल सोडून दिलंय ते बघून वाईट वाटतं.

मग टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय -एनएनके टाइप करा. लांब यादी येते, त्यात नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. समजा तिथे दिसलं रिअलटेक आरटीएल८८२१सीई, आणि ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात १०ईसी:सी८२१. हे कंसातलं म्हणजे त्या चिपचं खरं नाव. पहिले चार कंपनीचे, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. पुढचे चार त्या मॉडेलचे. नेटवर शोधताना लॅपटॉपचं मॉडेल टाकून शोधू नका, एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डं बसवतात, हा आठ अक्षरांचा आयडी टाकून शोधा. कार्ड यूएसबीचं असेल तर एलएसयूएसबी कमांडमध्ये असाच आयडी मिळतो.

ओळच नसेल? मग कर्नलला कार्ड दिसतच नाहीये, बायॉसमध्ये बंद आहे का बघा, मशीन पूर्ण बंद करून चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड खाचेत सैल झालेलं असू शकतं.

ओळ आहे तर तिच्या खालच्या दोन ओळी वाचा. कर्नल ड्रायव्हर इन यूज असं लिहून पुढे नाव असेल तर ड्रायव्हर बसलाय. ती ओळ नसेल तर ड्रायव्हर नाही, आणि इथे कर्नलचं व्हर्जन कामाला येतं. युनेम -आर (यू-एन-ए-एम-ई) टाइप करा, आकडा दिसेल. वर घेतलेलं आरटीएल८८२१सीई कर्नलमध्ये ५.९ पासून आलं, मीडियाटेकचं एमटी७९२१ ५.१२ पासून, रिअलटेकचं ८८५२एई ५.१६ पासून. म्हणजे तुमचा कर्नल यापेक्षा जुना असेल तर उपाय नवा कर्नल, दुसरी डिस्ट्रो नाही. उबंटूमध्ये एचडब्ल्यूई कर्नल आणि डेबियनमध्ये बॅकपोर्ट्समधून नवा कर्नल मिळतो. नेटवरून कोणाच्या तरी गिटहबवरचा ड्रायव्हर उतरवून स्वतः बांधायची वेळ हल्ली फार कमी येते, आणि तसं केलं तर कर्नलच्या पुढच्या अपडेटला तो मोडण्याची तयारी ठेवा, डीकेएमएसने टाकला तर निदान आपोआप परत बांधला जातो.

ब्रॉडकॉम हा वेगळा विषय. बीसीएम४३१४२ सारख्या चिपना कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो, डब्ल्यूएल नावाचा, तो उबंटूमध्ये बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स आणि डेबियनमध्ये ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस या पॅकेजमध्ये येतो. फोनचं नेट लावून टाका, रीस्टार्ट करा, सिक्युअर बूट चालू असेल तर मॉकचा तोच निळा स्क्रीन इथेही येणार.

ड्रायव्हर आहे पण वाय-फाय नाही, तर तिसरा प्रश्न. सुडो डीमेसेज (एस-यू-डी-ओ, मग डी-एम-ई-एस-जी) चालवा आणि त्यात फर्मवेअर हा शब्द शोधा. इंटेलच्या कार्डवर आयडब्ल्यूएलवायफाय नावाने एक ओळ दिसते, अमुक फाइल लोड करायला गेलो, फेल्ड विथ एरर -२. हा वजा दोन म्हणजे फाइल सापडली नाही, बाकी काही नाही. कार्ड चांगलं आहे, ड्रायव्हर चांगला आहे, एक फाइल नाहीये. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट करा, डेबियन असेल तर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय टाका. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ही फर्मवेअर आधीच भरलेली असतात, त्याच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये वेगळी आणावी लागायची, म्हणून जुनी गाइड वाचून घाबरू नका. ओळीत काही फाइल्स नाही मिळाल्या आणि शेवटी एक मिळाली असं दिसलं तर तेही ठीकच आहे, ड्रायव्हर नव्या व्हर्जनपासून सुरुवात करून खाली खाली येत असतो.

चौथा प्रश्न, कोणी बंद केलंय का. आरएफकिल लिस्ट टाइप करा. सॉफ्ट ब्लॉक्ड यस असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल. हार्ड ब्लॉक्ड यस असेल तर लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं बटण किंवा विमानाचं चिन्ह असलेली फंक्शन की शोधा, ते सॉफ्टवेअरने उघडत नाही. आणि विंडोज शेजारी असेल तर माझ्या त्या दोन दिवसांची आठवण ठेवून फास्ट स्टार्टअप आधी तपासा.

ब्लूटूथ बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याच कार्डवर असतं पण आतून यूएसबीवर जोडलेलं, म्हणून ते एलएसयूएसबीमध्ये दिसतं आणि त्याची फर्मवेअर फाइल पण वेगळी असते. वाय-फाय चालतंय आणि ब्लूटूथ नाही हे त्यामुळे अगदी शक्य आहे, पद्धत तीच.

आवाज

सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी डमी आउटपुट दिसतंय का? म्हणजे साउंड कार्डच मिळालेलं नाही. एप्ले -एल (ए-पी-एल-ए-वाय) ने खात्री करा. गेल्या काही वर्षांतल्या इंटेल लॅपटॉपमध्ये माइक डिजिटल असतो आणि सगळा आवाज एका डीएसपी नावाच्या आवाजाच्या चिपमधून जातो, त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरामध्ये अल्सा-एसओएफ-फर्मवेअर, आर्चमध्ये एसओएफ-फर्मवेअर. टाका, रीस्टार्ट करा, बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

कार्ड आहे, आवाजाची पट्टी सरकतेय पण ऐकू काही येत नाही, तर अल्सामिक्सर उघडा. टर्मिनलमध्येच उभ्या पट्ट्या दिसतात. एफ-६ दाबून खरं कार्ड निवडा, कारण सुरुवातीला दिसतं ते पाइपवायरचं किंवा पल्सऑडिओचं एकच आवरण असतं. पट्टीच्या खाली एमएम लिहिलेलं असेल तर ते म्यूट, त्यावर जाऊन एम दाबलं की शून्य शून्य होतं. मास्टर चालू आणि स्पीकर म्यूट, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सगळ्यात आधी तिथेच जाते. ऑटो-म्यूट नावाचा पर्याय असेल आणि हेडफोनच्या खाचेत काही नसताना स्पीकर गप्प असेल तर तो डिसेबल्ड करून बघा. एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असेल तर आवाज तिकडे जातोय का ते सेटिंगमध्ये बघा.

टचपॅड आणि कीबोर्ड

टचपॅडवर टॅप केल्यावर क्लिक होत नाही ही तक्रार हार्डवेअरची नाहीच, काही डेस्कटॉपवर तो पर्याय मुळात बंद असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. कर्सरच हलत नसेल तर सुडो लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस मध्ये टचपॅडचं नाव दिसतं का ते बघा (कमांड सापडली नाही तर लिबइनपुट-टूल्स किंवा लिबइनपुट-युटिल्स पॅकेज टाका). झोपेतून उठल्यावरच मरत असेल तर सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस आणि मग सुडो मॉडप्रोब पीएसमाउस, ड्रायव्हर काढून परत घातला की जुन्या पद्धतीचे टचपॅड जागे होतात. कीबोर्डच चालत नसेल, पण ग्रबमध्ये चालत होता, तर तिथे ई दाबून ओळीच्या शेवटी आय८०४२.रीसेट किंवा आय८०४२.नोपीएनपी देऊन बघा, तोवर यूएसबी कीबोर्ड लावून काम भागवा.

झाकण बंद केलं आणि उठलाच नाही

झोपेचे दोन प्रकार आहेत. कॅट /एसवायएस/पॉवर/मेम_स्लीप टाइप केलं की एस२आयडल आणि डीप यापैकी काय उपलब्ध आहे ते दिसतं, चौकोनी कंसात असलेलं सध्या वापरात आहे. एस२आयडल हलकी झोप, बॅगेत ठेवला तर बॅटरी हळूहळू उतरते. डीपमध्ये रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद. यादीत दोन्ही असतील तर ग्रबच्या त्याच ओळीवर मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप देऊन एकदा झोपवून उठवून बघा. नव्या लॅपटॉपमध्ये डीप दिलेलंच नसतं, त्यावर जबरदस्तीचा उपाय शोधत बसू नका, काही बायॉसमध्ये स्लीप स्टेट लिनक्स किंवा एस-३ असा पर्याय असतो, तो असेल तर निवडा. नसेल तर बायॉस अपडेट करा, एफडब्ल्यूयूपीडी नावाच्या साधनाने बऱ्याच कंपन्यांचं फर्मवेअर लिनक्समधूनच अपडेट होतं. अपडेट करताना चार्जर लावलेलाच हवा.

ब्राइटनेस हलत नसेल तर आधी नोमोडसेट राहिलंय का बघा. नसेल तर एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह, मग व्हेंडर, मग व्हिडिओ, एकेक करून.

मध्येच गोठतो

काम करता करता सगळं थिजलं, माउस पण हलत नाही. लगेच पॉवर बटण दाबून धरू नका, कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ दाबा, काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर कर्नल जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप किंवा ग्राफिक मेलंय. तेही नाही आलं तर बंद करून चालू करा आणि जर्नलसीटीएल -बी -१ चालवा, हा आधीच्या वेळचा लॉग, एंड बटण दाबून शेवटच्या पन्नास ओळी वाचा. एनव्हीएमई टाइमआउट किंवा कंट्रोलर डाउन असं दिसलं तर एसएसडी वीज वाचवायला खोल झोपते आणि उठत नाही, त्यासाठी एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० हा पॅरामीटर आहे. पीसीआयई बस एरर करेक्टेड अशा हजारो ओळी असतील तर पीसीआयई_एएसपीएम=ऑफ देऊन बघा, बॅटरी थोडी जास्त खाईल. काहीच दिसलं नाही आणि दर वेळी वेगळाच प्रोग्राम पडतोय तर रॅमवर संशय, रात्रभर मेमटेस्ट८६+ लावून ठेवा, त्याची ६ किंवा पुढची आवृत्ती घ्या कारण जुनी यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायॉसवर, चालत नाही. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम बदलायची, त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय शोधण्यात वेळ घालवू नका. एसएसडीची तब्येत स्मार्टसीटीएल -ए मध्ये कळते.

बाकीचं पटकन. रीस्टार्ट केल्यावर ग्रब न येता सरळ विंडोज उघडत असेल तर बायॉसच्या बूट ऑर्डरमध्ये तुमच्या डिस्ट्रोचं नाव वर सरकवा. विंडोज आणि लिनक्समध्ये घड्याळ काही तासांनी हुकत असेल तर ते हार्डवेअर नाही, एक घड्याळ स्थानिक वेळ धरतंय आणि दुसरं जागतिक, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ने जुळतं. फिंगरप्रिंट सेन्सरचा आयडी लिबएफप्रिंटच्या यादीत असेल तर चालेल, नसेल तर पासवर्ड टाका, त्यासाठी नवा कर्नल घेऊन उपयोग नाही.

ग्रबमध्ये ई दाबून दिलेला पॅरामीटर फक्त त्या एका बूटपुरता असतो, म्हणून तिथे बिनधास्त प्रयोग करा, चुकलं तर रीस्टार्ट केलं की गेलं. एका वेळी एकच द्या, चार एकदम दिले तर कशाने सुटलं ते कळत नाही. कामाचा ठरला की मग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये क्वाएट स्प्लॅशच्या शेजारी लिहून सुडो अपडेट-ग्रब चालवा, फेडोरामध्ये त्यासाठी ग्रबी आहे. आणि त्याच फाइलमध्ये वरती हॅश टाकून एक ओळ लिहून ठेवा, कोणता पॅरामीटर, कशासाठी, कोणत्या कर्नलवर. कर्नल मोठ्या व्हर्जनने पुढे गेला की मी एकदा मेनूत ई दाबून तो शब्द काढून बूट करते, मागच्या खेपेला तसंच ते एसएसडीवालं काढून पाहिलं, आठवडाभर एकदाही गोठला नाही, मग फाइलमधूनही काढून टाकलं.